आतड्यात आतडे शिरते तेव्हा

पोट दुखू लागले की आपल्याकडे त्याचे नाव ठरलेले असते. जुनी माणसे म्हणतात, वायगोळा उठला. कोणी म्हणते, बेंबी सरकली. हल्ली तर एकच शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला आहे, गॅस. मग ओवा चघळायचा, बेंबीभोवती हिंग लावायचा, पोट शेकायचे आणि गप पडून राहायचे. बहुतेक वेळा एवढ्यावर भागते. पोट बिचारे आपले आपण बरे होते.

पण एक दुखणे असे आहे की ते या नावांच्या आड महिनोन् महिने लपून बसते. ते फार थोड्या लोकांना होते, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. तुमच्या गावात ते कदाचित कोणालाच झाले नसेल. मग त्यावर एवढी पाने का लिहायची? कारण हे दुखणे समजले की पोटाचा सगळा कारभार समजतो. आणि कोणत्या पोटदुखीत घरी थांबायचे नाही, तेही समजते.

दुखणे असे आहे. आतड्याचा एक भाग त्याच्याच पुढच्या भागात शिरतो. नळीत नळी अडकते. मोठ्या माणसाच्या पोटात असे झाले तर आत बहुधा एखादी गाठ असते. कधी ती गाठ नुसत्या चरबीची असते. गाठ साधी असते, पण तिच्यामुळे होणारा घोटाळा साधा नसतो.

पोटातली लांब नळी

आधी आतडे कसे असते ते पाहू. बोकड कापताना तुम्ही आतडी पाहिली असतील. आपलीही तशीच असतात. लहान आतडे सुमारे वीस फूट लांब. सहा फुटांची खाट धरली तर तीन खाटांपेक्षा जास्त. त्याच्या पुढे मोठे आतडे, सुमारे पाच फूट. मोठे का म्हणायचे? ते लांबीने मोठे नाही, रुंदीने मोठे आहे. ही दोन आतडी उजव्या बाजूला, ओटीपोटाच्या वर, एकमेकांना जोडलेली असतात. ही जागा लक्षात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

बोकडाच्या आतड्याला एक पातळ पडदा चिकटलेला असतो, तोही तुम्ही पाहिला असेल. त्यात चरबीची जाळी असते आणि लाल-निळ्या शिरा पसरलेल्या असतात. तसाच पडदा आपल्याही आतड्याला असतो. तो नुसता बांधून ठेवण्यासाठी नाही. शेताला जसे पाटाने पाणी मिळते तसे आतड्याला या पडद्यातून रक्त मिळते. पाट तुंबला तर पीक वाळते. इथे तर फार वाट पाहावी लागत नाही. रक्त बंद झाले की काही तासांत आतड्याचा तेवढा तुकडा मरतो.

आता अन्न पुढे कसे सरकते? नळी उतरती आहे म्हणून ते घसरत जाते, असे काहींना वाटते. तसे नाही. आतडे पोटात वेटोळे घालून पडलेले असते. अन्न पुढे ढकलावे लागते. म्हशीची धार काढताना आपण काय करतो? वरचे बोट आवळतो, मग त्याच्या खालचे, मग त्याच्या खालचे. दूध खाली येते. आतडे असेच करते. घासाच्या मागचा भाग आवळतो, पुढचा सैल पडतो, घास पुढे जातो. मग पुढचा भाग आवळतो. हे काम रात्रंदिवस चालू असते. आपल्याला त्याची खबरही नसते. कान लावून ऐकले तर गुरगुर तेवढी ऐकू येते.

चरबीची गाठ

पुष्कळांच्या मानेवर, खांद्यावर, पाठीवर एखादी मऊ गाठ असते. बोटाने दाबली तर कातडीखाली सरकते. दुखत नाही. वर्षानुवर्षे तशीच असते. ती बहुधा चरबीची गाठ. कर्करोगाची गाठ वेगळी. ती आजूबाजूला घुसते, दूर पसरते. चरबीची गाठ तसे करत नाही. ती आपल्या जागी राहून हळूहळू वाढते, एवढेच. (तरी कोणतीही नवी गाठ डॉक्टरांना एकदा दाखवून घ्यावी. गाठ कसली आहे हे आपल्या आपण ठरवू नये.)

अशीच गाठ कधी कधी आतड्यात होते. आतड्याच्या आतल्या बाजूला एक मऊ, ओलसर अस्तर असते. त्या अस्तराच्या खाली चरबी साठते आणि अस्तराला आत फुगवते. मोठ्या आतड्यात ती जास्त करून उजव्या बाजूला आढळते, म्हणजे दोन आतडी जोडलेली असतात त्या जागेजवळ. लहान आतड्यातही होते. ज्यांना तिचा त्रास होतो ती माणसे बहुतेक पन्नाशी-साठीच्या घरातली असतात. बायकांनाही होते, पुरुषांनाही होते. तूप-लोणी खाल्ल्याने ही गाठ होते, असे मात्र नाही. आणि पाठीवर गाठ आहे म्हणून पोटातही असेल, असेही नाही. उगीच घाबरू नये.

सुपारीपेक्षा लहान असेपर्यंत ही गाठ बहुधा काहीच त्रास देत नाही. दुसऱ्याच कारणाने तपासणी झाली तर सापडते, नाही तर माणसाबरोबर राहते आणि त्याच्याबरोबर जाते. ती लिंबाएवढी झाली म्हणजे मात्र खोड्या सुरू होतात. अन्नाच्या येण्याजाण्याने ती पुढे ओढली जाते, आणि कधी तिला फळासारखा देठ फुटतो. टोकावरचे अस्तर घासून सोलवटते. त्यातून थोडे थोडे रक्त झिरपते. असे रक्त महिनोन् महिने गेले की माणूस फिका पडतो. चढण चढताना धाप लागते. त्याला वाटते, वय झाले.

गाठ नळीला कशी ओढते

आता एक प्रयोग करून पाहा. सदऱ्याची एक बाही घ्या. बाहीच्या मधोमध, आतल्या बाजूला एक लिंबू टाचले आहे असे समजा. आता मनगटाकडून हात आत घाला, ते लिंबू धरा आणि आपल्याकडे ओढा. काय होईल? ज्या जागी लिंबू टाचले आहे ते कापडही त्याच्या मागे येईल. बाहीचा वरचा भाग खालच्या भागात शिरेल. आता तिथे बोट लावून पाहिले तर कापडाचे तीन पदर लागतील. बाहेरचा एक, उलटलेला एक आणि आत गेलेला एक.

पोटात हेच घडते. आतड्याला डोळे नाहीत. त्याला ती गाठ म्हणजे एक घास वाटतो. घास आला, ढकला पुढे. ते आवळते, ढकलते. गाठ पुढे जाते, पण सुटून जात नाही, कारण ती भिंतीला चिकटलेली आहे. मग भिंतच तिच्यामागे ओढली जाते. आतडे आपलेच अंग गिळू लागते म्हणा ना.

अनेकदा हे थोडे शिरते आणि पुन्हा निघते. शिरले की कळ येते. पोट मुरगाळते. माणूस गुडघे पोटाशी घेतो. अर्ध्या तासाने, तासाने आपोआप सुटले की बरे वाटते. पोटावर हात ठेवला तर कधी एक लांबट गोळा लागतो आणि थोड्या वेळाने तो नाहीसा होतो. वायगोळा हा शब्द ज्यांनी पहिल्यांदा काढला त्यांनी असे गोळे हाताने चाचपून पाहिले असतील, असे आम्हाला वाटते. शब्द काही खोटा नाही. फक्त प्रत्येक गोळा वाऱ्याचा नसतो.

असे महिन्यातून दोनदा-तीनदा होते. मग चार दिवस काहीच नाही. म्हणूनच हे दुखणे उमगायला उशीर लागतो. डॉक्टरांकडे जाईपर्यंत कळ थांबलेली असते. पोट मऊ लागते. आम्लपित्ताच्या गोळ्या मिळतात. यात डॉक्टरांचाही दोष काढता येत नाही. ज्या वेळी आतडे शिरलेले नाही त्या वेळी हाताला काय लागणार?

आणि एखाद्या दिवशी शिरलेले आतडे निघत नाही.

तेव्हा दोन गोष्टी होतात. एक तर रस्ता बंद होतो. वरून अन्न-पाणी येत राहते, खाली जात नाही. पोट फुगते. उलट्या होतात. आधी खाल्लेले पडते, मग हिरवट-पिवळे पित्त पडते, आणि फार उशीर झाला तर घाण वासाचे पाणी पडते. शौचाला होत नाही. वाराही सरत नाही.

दुसरी गोष्ट याहून वाईट. आत शिरलेल्या आतड्याबरोबर त्याचा तो पडदाही आत ओढला गेलेला असतो. तीन पदरांत तो चेंगरतो. रक्त परत नेणाऱ्या शिरा मऊ असतात, त्या आधी दबतात. रक्त आणणाऱ्या शिरा जाड असतात, त्या आणखी काही वेळ चालू राहतात. म्हणजे येणारे येते आणि जाणारे जात नाही. आतडे सुजते, जांभळे पडते. अस्तरातून रक्त आणि आव पाझरते. ते खाली उतरले की शौचाच्या वाटे तांबडे, बुळबुळीत पडते. सूज फार वाढली की येणारे रक्तही थांबते. आतड्याचा तो तुकडा काळा पडतो. मग तो फुटतो आणि आतली घाण सगळ्या पोटात पसरते. पोट फळीसारखे कडक होते. ताप भरतो, नाडी धावते, घाम येतो, हातपाय गार पडतात. इथवर आले म्हणजे जिवावरची गाठ असते. आता आम्ही चरबीच्या गाठीबद्दल बोलत नाही.

एक फसवी गोष्ट इथे सांगायलाच हवी. आतडे मेल्यावर किंवा फुटल्यावर कधी कधी कळ थोडा वेळ कमी होते. घरचे म्हणतात, बरे झाले, आता झोप लागली. दवाखान्यात न्यायला जोडलेली गाडी परत पाठवतात. कळ थांबली पण पोट फुगलेलेच आहे, उलटी चालूच आहे, वारा सरलेला नाही, तर ते बरे होणे नव्हे. गाडी परत पाठवू नका.

बोलायची लाज

समजा, एक साठीतले बाबा तालुक्याच्या दवाखान्यात आले आहेत. बरोबर मुलगा आणि सून आहे. डॉक्टर विचारतात,

“बाबा, कळ सारखी आहे, की येते-जाते?”

“येते, मुरगाळते अन् जाते बघा, डॉक्टरसाहेब.”

“किती दिवस झाले?”

“दिवाळीपासून अधनंमधनं हाय. कालपासून लई वाढलंय.”

“शेवटचं परसाकडे कधी झालं?”

“परवा सकाळी.”

“वारा सरतो का?”

यावर बाबा सुनेकडे पाहतात आणि गप्प बसतात. मुलगाच बोलतो, “सरत असंल की.” असंल म्हणजे काय? मुलाला ते ठाऊक नाही. ठाऊक फक्त बाबांना आहे. आणि डॉक्टरांना नेमके तेच हवे आहे. वारा सरत असेल तर वाट थोडी तरी मोकळी आहे. सरत नसेल तर वाट बंद आहे. एवढ्या एका उत्तरावर रोग्याला इथे ठेवायचे की लगेच जिल्ह्याला पाठवायचे, हे ठरू शकते.

बायकांचे तर याहून अवघड. शौचातून रक्त पडते हे त्या नवऱ्यालाही सांगत नाहीत. मूळव्याध असेल म्हणून वर्ष-वर्ष काढतात. बहुतेक वेळा मूळव्याधच असते, हे खरे. पण रक्त कुठून येते हे न पाहता कसे ठरवायचे? गावातल्या आशाताईंना सांगा. त्या बाईमाणूस आहेत, त्यांच्याशी बोलता येते. रक्ताबरोबर आव पडली तर आपण त्याला हगवण समजतो. हगवणीत पातळ होते आणि पुन्हा पुन्हा होते. पण पोट फुगलेले, उलट्या चालू, मळ मुळीच नाही, नुसते तांबडे बुळबुळीत पडते आहे, असे असेल तर ती साधी हगवण नव्हे.

घरी काय करू नये

पोट साफ झाले की कळ थांबेल, असे म्हणून एरंडेल पाजतात. जुलाबाच्या गोळ्या देतात. वाट बंद असताना जुलाब देणे म्हणजे फाटकाला कडी घालून मागून गुरे हाकण्यासारखे आहे. आतडे आणखी जोर करते, आणखी आत शिरते, फुटण्याचा धोका वाढतो. उलट्या आणि फुगलेले पोट यांबरोबर कळ असेल तर जुलाबाचे काहीही देऊ नये.

पोट चोळून घेऊ नये. बेंबी बसवणारा कितीही नावाजलेला असो, आत सुजलेले आतडे आहे हे त्याला बोटांनी दिसत नाही. पोटाला चटके तर कधीच देऊ नयेत. लहान मुलाला तर नाहीच नाही. चटक्याने आतडे सुटत नाही, वर जखम मात्र होते.

खायला-प्यायला देऊ नये. पाणीसुद्धा नको. घरच्यांना हे कठोर वाटते. दिवसभर उपाशी माणूस, त्याला चहाचा घोटही नाही? पण तो घोट खाली उतरणार नाही, उलटीवाटे परत येईल. शिवाय ऑपरेशनची वेळ आली तर पोट रिकामे असणे फार उपयोगाचे असते. अंगातले पाणी कमी झालेले असते, ते दवाखान्यात शिरेतून सलाईन देऊन भरून काढतात.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ सालापासून आहे. फोनला पैसे पडत नाहीत. जाताना आधीचे कागद, आधीच्या गोळ्यांची पाकिटे बरोबर घ्या. एरंडेल दिले असेल तर दिले म्हणून सांगा. कोणी रागावले तरी चालेल, लपवू नका. शिधापत्रिका आणि आधारकार्डही घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. या रोग्याचे ऑपरेशन योजनेत बसते का, हे त्यालाच आधी विचारावे. सावकाराच्या दारात जाण्याची पाळी त्याने टळू शकते.

आत काय आहे ते कसे कळते

पूर्वी हे पोट उघडल्याशिवाय कळत नसे. आतड्यात आतडे शिरते हे युरोपातल्या वैद्यांना फार दिवसांपासून ठाऊक होते. आम्स्टरडॅम शहरातल्या पॉल बार्बेट या शस्त्रवैद्याने १६७४ साली ते लिहून ठेवले. पण लिहून ठेवणे वेगळे आणि वाचवणे वेगळे. पुढे दोनशे वर्षे गेली. १८७१ साली इंग्लंडमध्ये जोनाथन हचिन्सन या डॉक्टरांनी एका लहान मुलीचे पोट उघडून शिरलेले आतडे बाहेर काढले आणि ती मुलगी वाचली. भुलीचे औषध त्याआधी पंचवीस वर्षे, १८४६ साली, लोकांपुढे आले होते. ते नसते तर हे शक्य झाले नसते.

आज डॉक्टर पोट न उघडता आत पाहतात. साध्या एक्स-रेत आतडे फुगले आहे, वाट बंद आहे, एवढे दिसते. सोनोग्राफीत शिरलेले आतडे कापलेल्या कांद्यासारखे दिसते. एकात एक चकत्या. का ते तुम्हाला आता सांगायला नको, बाहीचे तीन पदर आठवा. पण पोटात वारा फार भरला असेल तर सोनोग्राफीत नीट दिसत नाही. मोठ्या माणसाला सगळ्यात चांगली तपासणी म्हणजे सी. टी. स्कॅन. हे यंत्र गॉडफ्रे हौन्सफील्ड या इंग्रज इंजिनियरने बनवले आणि १९७१ साली लंडनमध्ये त्यावर पहिला रोगी तपासला गेला. त्याला पुढे १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या यंत्राच्या चित्रात मांस करड्या रंगाचे दिसते आणि चरबी त्याहून काळी दिसते. त्यामुळे शिरलेल्या आतड्याच्या टोकाशी गाठ आहे, एवढेच नव्हे, तर ती चरबीची आहे, हेही पुष्कळदा चित्रावरूनच ओळखता येते.

कळ नसताना, सवडीने तपासायचे असेल तर गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठे आतडे आतून पाहतात. चरबीची गाठ पिवळसर दिसते. चिमट्याने दाबली तर उशीत बोट रुतावे तसा खळगा पडतो आणि मग भरून येतो.

मुलांचे वेगळे, मोठ्यांचे वेगळे

हे दुखणे मुळात लहान मुलांचे. सगळे रोगी मिळून शंभर धरले तर त्यांत मोठी माणसे पाचच्या आसपास. सहा महिन्यांपासून दोन-तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना ते जास्त होते. मूल खेळता खेळता एकदम किंचाळते, पाय पोटाशी घेते, थोड्या वेळाने गप्प होते, पुन्हा किंचाळते. उलटी करते. मलूल पडते. शौचाला तांबडे बुळबुळीत होते. अशा मुलाला दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळत बसू नये. मुलाच्या आतड्यात बहुधा गाठ नसते. म्हणून वेळेवर नेले तर गुदद्वारातून बेताने हवा किंवा मिठाचे पाणी सोडून शिरलेले आतडे मागे ढकलता येते. पुष्कळ मुलांना ऑपरेशनच लागत नाही. हे काम दवाखान्यातच, यंत्रावर बघत बघत करायचे असते. घरच्या पिचकारीने नव्हे.

मोठ्या माणसाचे तसे चालत नाही. मोठ्यांत शंभरांपैकी ऐंशी-नव्वद जणांना आत काही तरी कारण असते. कोणाला चरबीची गाठ, कोणाला दुसरी साधी गाठ, कोणाला जुन्या ऑपरेशनची चिकटलेली आतडी, कोणाला कर्करोग. लहान आतड्यात असेल तर कारण बहुधा साधे निघते. मोठ्या आतड्यात असेल तर निम्म्या किंवा त्याहून जास्त रोग्यांत कर्करोग निघतो. नुसते आतडे मागे ढकलून घरी पाठवले तर गाठ तशीच राहील आणि आज ना उद्या पुन्हा ओढेल. म्हणून मोठ्या माणसाला बहुधा ऑपरेशन करतात.

इथे घरात वाद होतो. कोणी म्हणते, या वयात कापाकापी नको. कोणी म्हणते, गाठ म्हणजे कर्करोगच, मग पैसे कशाला घालवायचे? दोन्ही बोलणी आम्हाला पटत नाहीत. वाट बंद झाली आहे आणि ती आपोआप उघडत नाही. कापले नाही तर ते आतडे मरते, आणि त्याच्यामागे माणूस. आणि गाठ कसली आहे हे ती बाहेर आल्याशिवाय नक्की सांगता येत नाही. साध्या चरबीच्या गाठीला कर्करोग समजून घरी नेलेला माणूस नाहक जातो.

ऑपरेशनच्या आधी नाकातून पोटात एक नळी घालतात. तिच्यातून साठलेले पाणी बाहेर काढतात. दिसायला ते भयंकर दिसते, पण त्यानेच रोग्याला पहिला आराम मिळतो. मग भूल देऊन पोट उघडतात, किंवा काही ठिकाणी लहान भोके पाडून दुर्बिणीने काम करतात. आतडे जिवंत आणि गुलाबी असेल, लहान आतड्यातली गाठ साधी दिसत असेल, तर डॉक्टर ते हलकेच बाहेर सोडवतात आणि गाठीपुरता भाग काढतात. मोठ्या आतड्यात असेल तर सोडवण्याच्या भरीस पडत नाहीत. गाठीसकट तेवढा तुकडा काढून दोन टोके शिवतात. आतडे मेले असेल आणि पोटात घाण पसरली असेल, तर टोके लगेच जोडणे धोक्याचे असते. मग आतड्याचे तोंड काही महिने पोटावर काढून ठेवतात आणि त्यावर पिशवी लावतात. पुढे ते पुन्हा जोडता येते. उशीर केल्याची किंमत पुष्कळदा ही पिशवी असते.

पुष्कळजण विचारतात, हातभर आतडे काढले तर अन्न पचेल का? लहान आतडे वीस फूट आहे. त्यातले फूट-दीड फूट गेले तर बहुतेकांना काही कळतही नाही.

ऑपरेशननंतर तीन-चार दिवस सगळे घर एकाच गोष्टीची वाट पाहते, ती म्हणजे वारा सरण्याची. ज्या शब्दाची बाबांना लाज वाटत होती तोच शब्द आता डॉक्टर, परिचारिका, मुलगा, सून सगळे रोज विचारतात. वारा सरला की आतडे जागे झाले. मग पाण्याचे घोट, मग पेज, मग मऊ भात.

काढलेला तुकडा तपासायला पाठवतात. तिथे त्याची पातळ चकती करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तो कागद आठ-दहा दिवसांनी मिळतो. टाके निघाले, बरे वाटले, म्हणून तो कागद न घेता पुष्कळ लोक गावी जातात. तसे करू नका. त्यावर नुसती चरबीची गाठ असे लिहून आले, तर पुढे औषध लागत नाही. काढलेली गाठ पुन्हा होण्याची भीतीही बहुधा नसते. दुसरे काही लिहून आले, तर पुढचे उपचार त्या कागदावरूनच ठरतात. जखम वरून भरलेली दिसली तरी आतला स्नायू जुळायला वेळ लागतो. म्हणून पोते उचलणे, विहिरीतून पाणी ओढणे, नांगर धरणे हे दोन-तीन महिने दुसऱ्या कोणाकडे सोपवावे लागते.